लिनक्सचा डेस्कटॉप निवडायचा कसा आणि आपल्या हाताला बसवायचा कसा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ज्यांचा लॅपटॉप ठणठणीत आहे पण विंडोज ११ घेत नाही असे बरेच जण लिनक्सकडे वळलेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, उबंटू टाकू की मिंट की फेडोरा, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार (डिस्ट्रो)? खरं सांगायचं तर नवीन माणसाला या प्रश्नाने फार फरक पडत नाही. रोज समोर काय दिसणार, मेनू कुठे उघडणार, खिडक्या कशा हलणार, फाइल उघडायला किती क्लिक लागणार हे सगळं ठरवतो तो डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, थोडक्यात डीई. विंडोजमध्ये ही निवड आपल्या हातात नसतेच म्हणून ती इथे करायची असते हेच आधी लक्षात येत नाही.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नेटवर जे झगमगीत स्क्रीनशॉट दिसतात, अर्धपारदर्शक टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), कोपऱ्यात घड्याळ, मागे जपानी वॉलपेपर, ते बघून डीई निवडू नका. स्क्रीनशॉटमध्ये कोणी काम करत नसतं. थीम कुठल्याही डीईवर चढवता येते, पण त्याची कामाची पद्धत सहज बदलत नाही, म्हणून निवड पद्धतीवरून करायची आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

पायरी १: आधी स्वतःच्या सवयी बघा

कागद-पेन घ्यायची गरज नाही, फक्त दिवसभर बसता कसे ते आठवा. खाली टास्कबार, त्यावर उघड्या खिडक्यांची नावं, डाव्या कोपऱ्यात मेनू असं हात आपोआप शोधतो का? एका वेळी दोन-तीनच गोष्टी उघड्या असतात की वीस? हात माउसवर असतो की कीबोर्डवर? लॅपटॉप आहे की डेस्कटॉप, टचपॅडवर तीन बोटं फिरवायची सवय आहे का? आणि मशीन घरात अजून कोण वापरणार? आई-बाबा वापरणार असतील तर तुमच्या आवडीपेक्षा त्यांना बंद करायचं बटण कुठे सापडतं ते महत्त्वाचं.

रॅमचा हिशोब ढोबळच ठेवा. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी बघा, ८ जीबी आणि वर असेल तर काहीही चालतं. अर्थात रॅम खरी खातो तो ब्राउझर, डीई हलका घेऊन वर चाळीस टॅब उघडले तर काही वाचत नाही. जुन्या मशीनमध्ये अजून हार्ड डिस्क फिरत असेल तर डीई बदलण्याआधी एसएसडी टाका, तेवढा फरक कुठल्याच डीईने पडणार नाही.

पायरी २: कोण कसा आहे ते ओळखून घ्या

सिनॅमन. लिनक्स मिंटवाल्यांनी बनवलेला. २०११ मध्ये ग्नोम ३ आला, त्याने जुना मेनू-पॅनलवाला थाट (पॅनल म्हणजे टास्कबारसारखी पट्टी) मोडून टाकला आणि बरेच लोक वैतागले, त्यातून दोन वाटा फुटल्या, एक सिनॅमन आणि दुसरी माटे, ज्यात जुना ग्नोम २ जवळपास जसाच्या तसा पुढे चालू ठेवलाय. विंडोजमधून येणाऱ्याला सिनॅमन पहिल्या तासात जमतो, शिकायला असं काही नाहीच. कोणी विचारलं आणि जास्त माहिती दिली नाही तर मी डोळे झाकून हाच सांगतो.

केडीई प्लाझ्मा. केडीई १९९६ पासून आहे, आत्ताची प्लाझ्मा ६ ही मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. दिसायला विंडोजसारखा, पण आत सेटिंग्जचा समुद्र. प्रत्येक गोष्ट बदलता येते आणि तीच त्याची गंमत पण आहे आणि धोका पण, कारण काही लोक महिनाभर फक्त सेटिंग्जच लावत बसतात. पूर्वी तो जड म्हणून बदनाम होता, आता ती तक्रार राहिलेली नाही.

ग्नोम. फेडोरा वर्कस्टेशन, डेबियन आणि उबंटूत हाच डीफॉल्ट मिळतो, फक्त उबंटूने त्याला डावीकडे कायमचा डॉक (ॲपच्या आयकॉनची पट्टी) जोडलाय आणि मिनिमाइझचं बटण ठेवलंय, मूळ ग्नोममध्ये दोन्ही नाही. टास्कबार नाही, डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत, विंडोजची की (लिनक्सवाले तिला सुपर किंवा मेटा म्हणतात) दाबली की सगळ्या खिडक्या पसरून दिसतात आणि तिथूनच टाइप करून ॲप उघडायचं. लॅपटॉपवर तीन बोटांनी वर्कस्पेस (वेगवेगळे डेस्कटॉप) सरकवत काम करायची एकदा सवय लागली की दुसरीकडे करमत नाही, पण ज्याला टास्कबार हवाच आहे त्याने ग्नोम घेऊन त्याच्यावर टास्कबार चिकटवत बसू नये, सरळ सिनॅमन किंवा प्लाझ्मा घ्यावा.

एक्सएफसीई. हाही १९९६ पासूनचा. साधा, हलका, हळूहळू बदलणारा. आज लावलेलं पॅनल पाच वर्षांनी पण तसंच असेल, आणि ज्यांना संगणकाने मध्ये मध्ये नवीन काही दाखवू नये असं वाटतं त्यांच्यासाठी हा. दिसायला जरा जुनाट वाटतो हे खरं, पण ते अर्ध्या तासात सुधारता येतं, खाली सांगतोच.

एलएक्सक्यूटी फारच जुन्या मशीनसाठी, लुबंटूत मिळतो. सिस्टम७६ या अमेरिकन कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेला कॉस्मिक पण आता आलाय, मजेदार आहे, पण पहिलं लिनक्स म्हणून मी कोणाला देणार नाही, अजून कोवळा आहे. आणि आय३, स्वे, हायपरलँड ही नावं कानावर आली तर ते टायलिंगवाले, म्हणजे खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी लावणारे प्रकार आहेत, कॉन्फिग फाइल हाताने लिहायची तयारी असेल तेव्हा बघा.

पायरी ३: पेनड्राइव्हवरून चालवून बघा

चप्पल जशी दुकानातच घालून चार पावलं चालून बघतो तसंच हे. व्हेंटॉय नावाचं एक टूल आहे, ते पेनड्राइव्हवर एकदा टाकलं की नंतर आयएसओ फाइली (प्रत्येक डिस्ट्रोची डाउनलोड करायची फाइल) नुसत्या कॉपी करायच्या, बूट करताना यादी येते आणि त्यातून हवी ती निवडायची. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट सिनॅमन, कुबंटू, फेडोरा वर्कस्टेशन आणि झुबंटू चारही सहज बसतात, म्हणजे सिनॅमन, प्लाझ्मा, ग्नोम आणि एक्सएफसीई एकाच दुपारी बघून होतात. व्हेंटॉय टाकताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते आधी बघा.

लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता, सगळं पेनड्राइव्हवरून चालतं म्हणून हळू वाटणारच, वेगावरून मत बनवू नका. काय बघायचं तर वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसच्या की चालतायत का, झाकण बंद करून उघडलं की मशीन नीट जागं होतंय का, बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला तर काय होतं. आणि मग खरं काम करा. फोल्डर उघडून दहा फाइलींची नावं बदला, दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावा, स्क्रीनशॉट घ्या, पीडीएफ उघडा. ज्या डीईमध्ये सगळ्यात कमी वेळा "आता हे कुठे असेल" असं वाटलं तो तुमचा.

ठरलं की त्या डीईचीच आवृत्ती इन्स्टॉल करा. एकाच सिस्टमवर तीन-चार डीई घालता येतात, लॉगिन स्क्रीनवर कोपऱ्यात गिअरचं चिन्ह असतं तिथून बदलता पण येतात, मात्र नवीन असताना हे करू नका. दोन फाइल मॅनेजर, तीन टेक्स्ट एडिटर, दोन सेटिंग्ज असं सगळं मेनूत गोळा होतं, आणि एकाने लावलेले आयकॉन दुसऱ्याने बदलले असले प्रकार होतात.

पायरी ४: आधी कंटाळवाण्या सेटिंग्ज

थीमकडे जायची घाई सगळ्यांनाच असते, पण डोळे आणि हात सुखावतात ते या भागाने, म्हणून इथे वेळ द्या.

पहिलं स्केलिंग. १४ इंची फुल एचडी स्क्रीनवर १०० टक्क्याला अक्षरं बारीक आणि २०० ला राक्षसी दिसतात, १२५ बरोबर बसतं. प्लाझ्मात डिस्प्ले सेटिंगमध्ये सरळ स्लायडर आहे. ग्नोममध्ये डिस्प्लेजमध्ये स्केल मिळतं, आणि तिथे १२५ दिसत नसेल किंवा काही ॲप धूसर दिसत असतील तर ग्नोम ट्वीक्स टाकून फॉन्टचा स्केलिंग फॅक्टर १.१५ किंवा १.२५ करा, फक्त अक्षरं मोठी होतात आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. एक्सएफसीईमध्ये अपिअरन्स, मग फॉन्ट्स, तिथे कस्टम डीपीआय ९६ असतो तो १२० करा, म्हणजेच सव्वापट.

दुसरं टचपॅड. टॅप केल्यावर क्लिक व्हावं, स्क्रोलची दिशा उलटी-सुलटी, टाइप करताना टचपॅड बंद, या तिन्ही गोष्टी सगळीकडे सेटिंग्जमध्ये आहेत. नाइट लाइट लावून टाका. झाकण बंद केल्यावर काय व्हावं ते पॉवरमध्ये ठरवा.

तिसरं मराठी, आणि हे आपल्याला कोणी बाहेरचा सांगणार नाही. इनस्क्रिप्ट येत असेल तर काम दोन मिनिटांचं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी शोधून जोडा. इंग्रजी अक्षरांवरून फोनेटिक टाइप करायचं असेल तर आयबस हे भाषा टाइप करायचं टूल आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका, लॉगआउट-लॉगिन करा, मग यादीत मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट२ असे पर्याय दिसायला लागतात. ग्नोममध्ये सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. प्लाझ्मावर आयबसपेक्षा त्याच कामाचा एफसीआयटीएक्स ५ बरा चालतो, तो टाकल्यावर कीबोर्डच्या सेटिंगमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये जाऊन त्याला निवडावं लागतं, नाव ऐकून तिथे बघायचं कोणाला सुचत नाही आणि लोक तासभर डोकं आपटतात.

फॉन्टसाठी नोटो सॅन्स देवनागरी बऱ्याच ठिकाणी आधीच असतो, नसला तर टाका. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त पण मोफत आहे आणि स्क्रीनवर छान उठून दिसतो. फॉन्ट निवडताना एक छोटी परीक्षा घ्या, टेक्स्ट एडिटर उघडून "दऱ्याखोऱ्यांतल्या वाऱ्याशी लढा" असं काहीतरी टाइप करा. ऱ्य मधला र अर्ध्या चंद्रकोरीसारखा नीट जोडून आला पाहिजे, ल आणि श आपल्या वळणाचे दिसतायत की हिंदीच्या, ते बघा, आणि वरच्या वेलांट्या-मात्रा ओळीच्या वर कापल्या जात नाहीत ना तेही. टर्मिनलमध्ये मराठी तुटक दिसते, तिथे फार अपेक्षा ठेवू नका. डेस्कटॉपची भाषाच मराठी करता येते, पण भाषांतर बऱ्याच ठिकाणी अर्धवट आहे आणि अडलं की मदत इंग्रजी नावांनीच शोधावी लागते, त्यामुळे सुरुवातीला इंग्रजीच ठेवा आणि तारीख, वार, रुपया एवढ्यासाठी रीजन भारत लावा.

पायरी ५: पॅनल आणि शॉर्टकट

एका वेळी एकच बदल, आणि तो दोन-तीन दिवस वापरून मगच पुढचा. एकदम दहा गोष्टी बदलल्या की नेमकं कशाने बिघडलं ते कळत नाही.

प्लाझ्मात डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून एडिट मोडमध्ये जा, पॅनल वर-खाली-बाजूला कुठेही ओढता येतं, जाडी बदलते, तरंगतं पॅनल नको असेल तर तेही तिथेच बंद होतं. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्या, ऑल्ट आणि स्पेस दाबलं की केरनर उघडतो, त्यात ॲपचं नाव टाका, फाइल शोधा, १८% काढा, सगळं होतं, आणि मेटा+व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते. डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ ने खिडकी दुभंगते आणि एफ४ ने खाली टर्मिनल उघडतं. हे असं काहीही लावायला लागत नाही, आयतंच आहे.

सिनॅमनमध्ये पॅनलवर राइट-क्लिक करून पॅनल एडिट मोड चालू केला की ॲपलेट (पॅनलवरच्या घड्याळासारख्या छोट्या गोष्टी) ओढून जागा बदलता येतात, संपलं की मोड बंद करायला विसरू नका. ॲपलेटच्या खिडकीत डाउनलोडचा टॅब आहे, तिथून हवामान, रॅम-सीपीयूचा आलेख वगैरे घेता येतं. हॉट कॉर्नर्समध्ये एखाद्या कोपऱ्याला "सगळ्या खिडक्या दाखव" हे काम लावून बघा, माउसवाल्यांना फार आवडतं.

ग्नोमचा मामला वेगळा, इथे बदल होतात ते एक्स्टेन्शननी, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामनी. एक्स्टेन्शन मॅनेजर नावाचं ॲप टाका आणि त्यातून शोधून घ्या. डॅश टू डॉक, ट्रेमधले आयकॉन दाखवणारं ॲपइंडिकेटर, स्क्रीन झोपू न देणारं कॅफिन, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मिनिमाइझ-मॅक्झिमाइझची बटणं ट्वीक्समधून परत येतात. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते आणि प्रत्येक वेळी काही एक्स्टेन्शन मोडतात, त्यांचे लेखक फुकटात वेळ देणारे लोक असतात, दुरुस्ती यायला उशीर होतो. म्हणून पाचच्या वर जाऊ नका. पंधरा एक्स्टेन्शन लावल्याशिवाय ग्नोम सुसह्य होत नसेल तर डीईच चुकलाय असं समजा.

एक्सएफसीईत पहिलं काम म्हणजे व्हिस्कर मेनू, त्यात टाइप करून शोधता येतं, साध्या मेनूत नाही. मग पॅनल प्रेफरन्सेसमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर आहे, तिथे तयार मांडण्या मिळतात आणि आपली मांडणी सेव्ह पण करता येते. खिडकीच्या कडा इतक्या बारीक आहेत की माउसने पकडता येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार, त्यावर उपाय म्हणजे ऑल्ट दाबून धरायचं आणि खिडकीत कुठेही उजवं बटण दाबून ओढायचं, आकार बदलतो, डावं बटण दाबून ओढलं तर खिडकी सरकते. एकदा हाताला लागलं की कडा शोधायची गरजच उरत नाही. आणि थुनार फाइल मॅनेजरमध्ये कस्टम ॲक्शन्स आहेत, त्यातून राइट-क्लिक मेनूत आपल्या कमांड घालता येतात, फोटो लहान करणं, पीडीएफ जोडणं असली रोजची कामं.

पायरी ६: आता थीम

क्रम असा ठेवा, वॉलपेपर, मग ॲक्सेंट रंग (बटणं आणि निवडलेल्या गोष्टींचा रंग), मग आयकॉन, मग गरज वाटली तरच थीम. पहिल्या तिघांनीच चेहरा बदलतो. आयकॉनसाठी पापिरस जवळपास सगळ्या डिस्ट्रोंच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतो. एक्सएफसीईचा जुनाटपणा घालवायचा तर पापिरस, बरा फॉन्ट आणि एक गडद थीम, बास.

ग्नोममध्ये नवी ॲप दिसण्यासाठी लिबअद्वैता ही ग्नोमचीच लायब्ररी वापरतात आणि ती बाहेरच्या थीमला दाद देत नाहीत, त्यामुळे अर्धी ॲप एका रंगात, अर्धी दुसऱ्या असं दिसतं. ग्नोम ४७ पासून ॲक्सेंट रंग सेटिंग्जमध्येच आलेत, त्यात समाधान माना.

प्लाझ्मात ग्लोबल थीम लावताना एक खिडकी विचारते की फक्त रंगरूप घ्यायचं की डेस्कटॉप आणि खिडक्यांची मांडणी पण, ती दुसरी खूण काढून ठेवा, नाहीतर कष्टाने लावलेलं पॅनल जाऊन त्या थीमवाल्याचं पॅनल येतं. आणि ग्लोबल थीमला नुसते रंग समजू नका, तिच्यात चालणारा कोड असू शकतो. मार्च २०२४ मध्ये एकाने अशी थीम लावली आणि तिच्यातल्या गडबडलेल्या स्क्रिप्टने त्याच्या फाइली उडवल्या, त्यानंतर केडीईच्या लोकांनी जाहीर इशारा दिला. रंगांची योजना, आयकॉन, कर्सर, वॉलपेपर वेगवेगळे घ्या, त्यात हा धोका फारसा नाही, दिसायला पण तेवढंच छान होतं.

पायरी ७: जमलेली घडी जपून ठेवा

टाइमशिफ्ट लावलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ते सिस्टमची प्रत घेतं, होम फोल्डर मुळात वगळतं, आणि डेस्कटॉपच्या सगळ्या सेटिंग्ज तर होममध्येच असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल+एच दाबलं की टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतात, त्यातला कॉन्फिग नावाचा फोल्डर अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. ग्नोम आणि सिनॅमनच्या बहुतेक सेटिंग्ज त्यातल्या डीकॉन्फ फोल्डरमधल्या एकाच फाइलीत असतात, एक्सएफसीईच्या त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये, प्लाझ्माच्या मात्र भरपूर फाइलींत विखुरलेल्या, तिथे अख्खा कॉन्फिग उचलणंच सोपं पडतं. कॉन्फिगमध्ये ब्राउझरसारख्या ॲपचा डेटा पण असतो, ती प्रत कोणाला पाठवू नका.

मोठे प्रयोग करायचे असतील तर मशीनवर दुसरा युजर बनवा आणि तिथे हवा तेवढा धुडगूस घाला, तुमच्या खात्याला काही होत नाही. हीच युक्ती दोष शोधायला पण चालते, नवीन युजरमध्ये सगळं नीट चालत असेल तर गडबड तुमच्या सेटिंग्जमध्ये आहे, तिथेही तेच होत असेल तर सिस्टममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये.

डिस्ट्रो अपग्रेड करण्याआधी ग्नोमची एक्स्टेन्शन बंद करा आणि बाहेरची थीम काढून डीफॉल्ट लावा, अपग्रेड झाल्यावर एकेक चालू करत जा. लॉगिननंतर काळी स्क्रीनच आली तरी घाबरायचं काही नाही, कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबलं की साधं टेक्स्ट लॉगिन मिळतं, तिथून कॉन्फिग फोल्डरचं नाव बदलून मशीन रीस्टार्ट केलं की डेस्कटॉप कोऱ्या अवस्थेत उघडतो. तो जुना फोल्डर लगेच डिलीट करू नका, त्यातून शॉर्टकटची किंवा पॅनलची फाइल एकेक करून परत आणता येते, आणि जी आणल्यावर स्क्रीन पुन्हा काळी होते तीच बिघाडाची.